कैद्यांच्या यादीतलं नाव

डीन म्हणजे नक्की काय, हे मी माझ्या आईला शेवटपर्यंत समजावू शकलो नाही. पाळक म्हणजे तिचा मुलगा आणि बिशप म्हणजे मुलाचे साहेब, एवढं तिला ठाऊक होतं. पण मी फोर्टातल्या कॅथेड्रलचा डीन झालो तेव्हा ती गावाकडच्या बायकांना सांगायची, "मोठ्या देवळाचं समदं त्याच्याकडं असतं. खुर्च्यासुद्धा." मला हसू यायचं, पण तिचं फारसं चुकत नव्हतं. डीनचा अर्धा दिवस गळक्या छपरात, ऑर्गन दुरुस्त करणाऱ्याच्या मागे लागण्यात आणि कोणत्या कमिटीतलं कोण कोणावर रुसलंय हे लक्षात ठेवण्यात जातो. उरलेल्या वेळात देवाची आठवण झाली तर झाली.

मी निवृत्त झालो तेव्हा कॅथेड्रलच्या मंडळींनी स्मरणिका काढली. माझा जीवनपट हवा म्हणाले. मी अर्ध्या पानात आटोपला. नगर जिल्ह्यातलं गाव, सेमिनरी, परळच्या मराठी चर्चमध्ये डीकन, तिथेच पाळक, मग दादर, मग कॅथेड्रल. स्मरणिकेचं काम बघणारी मुलगी हुशार होती. तिने कागद वाचला आणि विचारलं, "सर, परळला पंधरा वर्षं? आकडा चुकलाय का?" आमच्यात तरुण पाळकाला चार-पाच वर्षांत दुसरीकडे हलवतात, हे तिला माहीत होतं. मी उगाच खेकसलो, "चुकलेला नाही. आहे तसं छापा." बिचारीने कागद उचलला आणि गेली. मी आयुष्यभर शांतीवर प्रवचनं दिली आणि माझा राग कायम नाकावर राहिला, हे माझ्या सर्व मंडळींना माहीत आहे.

तिचा प्रश्न बरोबर होता. ती वर्षं बिशपसाहेबांनी मला माझ्या एका पत्रावरून दिली होती. पत्रासोबत राजीनामा होता. त्यांनी दोन्ही कागद वाचले आणि राजीनामा परत माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "हे घेऊन जा. तू परळलाच राहा." ती शिक्षा होती की कृपा, हे मी अजून ठरवलेलं नाही. पत्रात काय होतं, ते आता सांगतो.

परळचं आमचं चर्च लहान होतं. एका बाजूला गिरणीची भिंत, दुसऱ्या बाजूला चाळी. रविवारी साठ-सत्तर माणसं यायची, सणाला दीडशे. बहुतेक नगर, जालन्याकडून आलेली. पुरुष गिरणीत, बाया हॉस्पिटलांत आया किंवा नर्स. मुख्य पाळक इंग्रज होते. तीस वर्षं इकडे काढलेले, अविवाहित, उंच, जरासे पोक काढून चालणारे. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत आणि मला धाकटे साहेब. मोठ्या साहेबांचं मराठी पुस्तकातलं होतं. केळीवाल्याला ते म्हणत, "कृपा करून मला सहा केळी द्यावीत." केळीवाला खूश होऊन सात द्यायचा.

मी तेव्हा डीकन होतो. म्हणजे पांढरा झगा घालायचा, प्रार्थना म्हणायच्या, आजाऱ्यांना भेटायचं. पण प्रभुभोजनाचा विधी चालवायचा अधिकार नाही. वर्षभराने बिशप डोक्यावर हात ठेवतात आणि मग माणूस पूर्ण पाळक होतो. माझा तो दीक्षाविधी ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ संपण्याआधी कॅथेड्रलमध्ये व्हायचा होता. गावी आईने त्या दिवसासाठी लुगडं घेऊन ठेवलं होतं. आमच्या घरात त्याआधी कोणी चौथीच्या पुढे शिकलेलं नव्हतं.

चर्चची घंटा वाजवायचं काम माझ्याच वयाचा एक गिरणी कामगार करायचा. साचेखात्यात, म्हणजे मागांवर होता. त्याची आई बाळंतपणाच्या हॉस्पिटलात आया. नवरा लवकर गेलेला, हा एकुलता एक. मुंबईत माझं कोणी नव्हतं, त्यामुळे आठवड्यातून तीनदा मी त्यांच्या खोलीवर जेवायला असायचो. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला चर्चमध्ये साहेब म्हणायची आणि घरी "ताटातलं संपव आधी" म्हणायची. तो मला कुठेही पाद्रीच म्हणायचा. माझ्या गळ्यातली पांढरी पट्टी पाहून त्याला दर वेळी नव्याने हसू यायचं.

आमच्या चर्चमध्ये एक रिवाज होता. कोणी वारलं की त्याच्या वयाची जितकी वर्षं, तितके ठोके द्यायचे. एकेक, सावकाश, मध्ये दहा-बारा श्वासांचं अंतर ठेवून. गल्लीतले हिंदू, मुसलमान सगळे काम थांबवून मोजायचे आणि कोण गेलं असेल याचा अंदाज बांधायचे. म्हातारं माणूस असलं की माझ्या या मित्राचा गोंधळ व्हायचा. पन्नाशीच्या पुढे मोजणी चुकायची आणि तो दोर धरूनच माझ्याकडे बघायचा. मग मी दारात उभा राहून बोटांनी दाखवायचो. एकदा एका म्हातारीला त्याने तीन ठोके जास्त दिले. "जाऊ दे रे," तो म्हणाला, "तेवढीच तीन वर्षं जास्त जगली."

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं, त्या जानेवारीची ही गोष्ट. लालबाग-परळ पेटून उठलं होतं. चाळीच्या जिन्यावर, नाक्यावर, न्हाव्याच्या दुकानात दुसरं बोलणं नव्हतं. तो तर घरी टिकतच नव्हता. सभा, फेऱ्या, भिंती रंगवणं. मावशी वैतागायची. "गिरणीत साचा ओढ, चर्चात दोर ओढ, आन् उरल्या वेळात महाराष्ट्र ओढ," म्हणायची. त्याच आठवड्यात बिशपसाहेबांचं पत्रक आलं. पाळकांनी चळवळीपासून दूर राहावं, चर्चची इमारत किंवा कोणतीही वस्तू त्या कामासाठी देऊ नये. मोठ्या साहेबांनी ते मला वाचून दाखवलं आणि खाली माझी सही घेतली.

हरताळाच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला.

"उद्या भोंगा नाय वाजणार," तो म्हणाला. "गिरण्या बंद. मग माणसांना कळणार कसं, कधी निघायचं ते? सकाळी घंटा वाजवतो. पाच मिनिटं फक्त."

"घंटा उपासनेसाठी आहे."

"मग? माणसंच गोळा करायची ना? तू पण तेच करतोस, आम्ही पण तेच करतो. तुझ्याकडे कमी येतात, एवढंच."

घंटेच्या खोलीची चावी मोठ्या साहेबांच्या कपाटात असायची आणि कपाट उघडायची मुभा मला होती. मोठी लोखंडी चावी, मूठ जराशी वाकलेली. ती मी त्याला दिली. का दिली, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. मलाही मुंबई महाराष्ट्रात हवी होती. पण ते चारचौघांत म्हणायची माझी छाती नव्हती. त्याने रस्त्यावर उतरावं आणि मी गुपचूप चावी द्यावी, एवढ्यातच माझं सगळं शौर्य संपत होतं.

सकाळी घंटा वाजली. उपासनेला वाजते तशी नव्हे, धडाधड. मोठे साहेब बिशपसाहेबांच्या बैठकीला फोर्टात गेले होते. मी खिडकीतून पाहिलं तर चाळींतून माणसं बाहेर पडत होती. तो घंटेच्या खोलीतून निघाला, मला हात केला आणि चावी खिशात टाकून गर्दीत मिसळला. संध्याकाळी आणून देतो, असं ठरलं होतं.

दुपारी गोळीबार झाला. कर्फ्यू लागला. मोठे साहेब एका पोलीस गाडीतून कसेबसे परतले आणि लगेच जखमींना भेटायला परळच्या एका हॉस्पिटलात निघाले. मीही बरोबर गेलो. ते वॉर्डात गेले. मला एका हवालदाराने मागच्या व्हरांड्यात बोलावलं. तिथे चादरी घातलेले पाच देह होते.

"फादर, तुमी हिकडचेच ना? बघा, कोन वळखीचं हाय का."

तिसरी चादर त्याने उचलली आणि मला तो दिसला. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. नाताळात मावशीने शिवलेला निळा शर्ट अंगात होता. हवालदाराने तळहात पुढे केला. "ह्याच्या खिशात कायबी नव्हतं. निस्ती ही चावी."

मी चावीकडे पाहिलं. हा कोण आहे हे सांगितलं, तर चावी कशाची हेही सांगावं लागणार. चावी कोणी दिली, हा त्यानंतरचा प्रश्न. मग बिशपसाहेबांच्या पत्रकावरची माझी सही. मग आईचं लुगडं. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. एरवी माझं डोकं इतक्या झटपट चालत नाही.

"नाही," मी म्हणालो. "ओळखत नाही."

हवालदाराने चादर खाली सोडली.

रात्री मोठ्या साहेबांनी विचारलं, "प्रातःकाळी आपली घंटा कोणी वाजविली?" मी म्हणालो, ठाऊक नाही. "आणि चावी?" हरवली असावी, मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग "बरे" म्हणाले. मावशी तिच्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर अडकली होती. कर्फ्यूमुळे तीन दिवस तिला बाहेर पडता आलं नाही. ती सुटून आली तोवर बेवारस देहांना अग्नी देऊन झाला होता. ती थेट माझ्याकडे आली. केस विस्कटलेले, आयांचं ते निळ्या काठाचं लुगडं तीन दिवसांचं मळलेलं.

"तू गेला हुतास ना साहेबांसंगं हास्पिटलात? तिथं माझा नव्हता ना?"

"नव्हता, मावशी."

तिसऱ्यांदा नाही म्हणताना जीभ अडखळत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. प्रभूच्या शिष्याने केलेल्या अशा तीन नकारांची गोष्ट आम्ही दरवर्षी पवित्र आठवड्यात वाचतो. त्या वर्षी ती वाचायची पाळी माझी होती. वाचली.

चाळीतल्या एका कोकणी माणसाने तिला सांगितलं की त्याने मुलाला पोलीस गाडीत चढताना पाहिलं. निळा शर्ट होता म्हणाला. माणूस चांगला होता. त्याने पाहिलेला निळा शर्ट दुसऱ्या कोणाचा असणार. शेकड्यांनी माणसं पकडली होती, त्यामुळे ते खरंही वाटण्यासारखं होतं. मावशी शुक्रवारी चर्चमध्ये आली आणि म्हणाली, "त्याला कैद्यांत घाला."

हे जरा समजावून सांगायला हवं. दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे एक लांबलचक प्रार्थना होते. पाळक एकेक विनवणी म्हणतो आणि लोक जबाब देतात. त्यात जमिनीवरून आणि पाण्यावरून प्रवास करणारे येतात, बाळंतिणी, आजारी, लहान मुलं येतात, कैदी आणि बंदिवान येतात. आमच्या चर्चमध्ये त्या-त्या ठिकाणी थांबून माणसांची नावं वाचायचा प्रघात होता. त्यासाठी एक वही होती, तिच्यात तीन रकाने. प्रवासी आणि आजारी पहिल्यात, कैदी दुसऱ्यात, मेलेले तिसऱ्यात. दुसरा रकाना एरवी रिकामाच असायचा. त्या जानेवारीत तो भरला. मी माझ्या हाताने त्यात त्याचं नाव लिहिलं.

उपवासकाळात माझा दीक्षाविधी झाला. कॅथेड्रलच्या गार फरशीवर मी पालथा पडलो होतो आणि वर इंग्रजीत प्रार्थना चालली होती. आई नवं लुगडं नेसून तिसऱ्या बाकावर. तिच्या शेजारी मावशी. तिनेच आईला स्टेशनवरून आणलं होतं, स्वतःच्या खोलीत उतरवून घेतलं होतं. बिशपांचा हात डोक्यावर पडला तेव्हा मला काय वाटलं, हे लोक नेहमी विचारतात. हात जड होता आणि मला पळून जावंसं वाटलं. स्मरणिकेत हे लिहिता येत नाही.

हळूहळू कैदी सुटू लागले. दुसऱ्या रकान्यातली नावं एकेक करून मी खोडली. वर्ष सरलं तेव्हा तिथे एकच नाव उरलं. दर शुक्रवारी मी कैद्यांपाशी थांबायचो, ते एक नाव घ्यायचो, आणि मावशी दुसऱ्या बाकावरून सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने जबाब द्यायची. मध्येच ती म्हणाली, पत्र लिही. मी तिच्यासमोर बसून पोस्टकार्डं लिहिली. ठाणे, येरवडा, नाशिक. ज्याला मी चादरीखाली पाहिलं होतं त्याचा ठावठिकाणा मी तुरुंगाच्या साहेबांना विचारत होतो. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून कार्ड पेटीत टाकण्याआधी मी तिला वाचून दाखवायचो. असा कोणी इथे नाही, अशी उत्तरं आली. "दुसरीकडं ठेवलं असंल," ती म्हणाली.

चाळीतल्या बाया तिला समजावायच्या. तिच्या शेजारी ज्या कुटुंबाने त्याच वर्षी बौद्ध धम्म घेतला होता, त्यांची म्हातारी फार समंजस. ती म्हणायची, बाई, तो गेला, एकदा रडून घे. मावशीचं उत्तर ठरलेलं असायचं. ते त्या म्हातारीनेच मला सांगितलं, थोडंसं रागाने. "साहेब दर शुक्रवारी त्याचं नाव कैद्यांत वाचतात. मेला असता तर वाचलं असतं का? पाळक माणूस, वेदीसमोर खोटं वाचंल का?"

त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो. माणसाला कशाचीही सवय होते.

मोठे साहेब इंग्लंडला परत जायला निघाले तेव्हा सामान बांधता बांधता म्हणाले, "ज्याचे नाव आपण वाचता, तो कोणत्या तुरुंगात आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय?" मी त्यांच्या हातात पुढचं पुस्तक दिलं. ते पुस्तकं पेटीत भरत राहिले. "मला वाटते, आपणांस ठाऊक आहे," ते म्हणाले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे नसतं सांगितलं.

चौथं वर्ष उलटलं आणि महाराष्ट्र झाला. मुंबईसकट. लालबागेत इतके दिवे मी कोणत्याच सणाला पाहिले नव्हते. चाळीचाळींतून ढोल-ताशे, गुलाल, अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. मी गर्दीत उभा होतो. लोक "पाद्रीबाबा, तोंड गोड करा" म्हणत होते, आणि मला आनंदही होत होता, खोटं कशाला बोलू? पण ज्याने मला त्या गर्दीत खांद्यावर उचलून नाचवलं असतं, तो नव्हता.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, प्रार्थनेच्या तासभर आधी, मावशी झगे ठेवायच्या खोलीत आली. हातात पेढ्यांची पुडी. चार वर्षांत मी तिला इतकी प्रसन्न पाहिली नव्हती. केसांना तेल, धुतलेलं लुगडं.

"घे, तोंड गोड कर," ती म्हणाली. "आन् आज त्याचं नाव बदलायचं. आता आपलं राज्य आलं. आपल्या माणसांना कोन कोंडून ठेवील? सुटला असंल. वाटंत असंल कुठंतरी. त्याला आता प्रवाशांत घाल."

मी वही उघडली. दुसऱ्या रकान्यातलं ते एकटं नाव खोडायला पेन्सिल टेकवली. वाटलं, एवढंच तर करायचं आहे. एका रकान्यातून दुसऱ्यात. मग ती प्रवाशाची वाट बघत बसेल, जितकी वर्षं जगेल तितकी. प्रवासाला शेवट नसतो, मला पुन्हा कधी वही बदलावी लागणार नाही.

पेन्सिल चालेना.

"मावशी," मी म्हणालो, "तो गेला. त्याच दिवशी गेला. मी त्याला हॉस्पिटलात पाहिलं होतं."

आणि मी सगळं सांगितलं. चावी, पत्रक, हवालदार, लुगडं, पोस्टकार्डं. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर स्वतःची बाजू मांडायला लागलो असतो. ती उभीच होती. पुडी तिच्या हातातच होती. मला वाटलं, ती ओरडेल, मला मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

ती आया होती. मेलेली माणसं, मेलेली बाळं तिने पुष्कळ धुतली होती. तिने त्याच माहितीतले प्रश्न विचारले.

"तोंड दिसत व्हतं?"

"हो. तोंडाला काही झालं नव्हतं."

"डोळं मिटल्याले?"

"मिटलेले होते."

"अंगात काय व्हतं?"

"निळा शर्ट. नाताळचा."

"पुरला का जाळला?"

"जाळला, मावशी. बाकीच्यांबरोबर."

"म्हंजी एकटा नव्हता," ती म्हणाली.

मग ती स्टुलावर बसली. पुडी मांडीवर ठेवली. बाहेर एकेक माणूस येऊन बाकांवर बसत होतं, खोकल्याचा आणि चपला सरकवल्याचा आवाज येत होता. प्रार्थनेची वेळ होत आली. मी तिच्या पायाशी बसलो होतो, अंगात पांढरा झगा, आणि मला क्षमा मागायचंही सुचत नव्हतं. कोणत्या तोंडाने मागणार?

"नवी चावी केली ना त्या खोलीची?" तिने विचारलं.

"केली."

"उघड."

मी खोली उघडली. ती माझ्या मागोमाग आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "दुसऱ्या कुनाला वाजवाया सांगू नगस. तूच वाजव."

मी दोर धरला. इतकी वर्षं मी दारात उभा राहून बोटं दाखवली होती, दोर कधी ओढला नव्हता. तो हाताला खरखरीत लागतो आणि वाटतो त्यापेक्षा जड असतो. पहिला ठोका पडला. दुसरा. मी मनात मोजत होतो. गल्लीतले आवाज हळूहळू कमी झाले. कुठेतरी अजून महाराष्ट्राचा ताशा वाजत होता, तोही थांबला. लोक मोजत असणार. दहा. पंधरा. माझे तळहात सोलवटले. एकोणीस. वीस. तो मेला तेव्हा बावीस वर्षांचा होता; माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान.

बाविसावा ठोका देऊन मी दोर सोडला.

"थांबलास का?" मावशी म्हणाली.

"बावीस झाले, मावशी."

"अजून चार हायेत."

मला कळलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं.

"चार वर्सं तू त्याला कैदेत जित्ता ठेवलास," ती म्हणाली. "दर शुक्रवारी मी त्याच्यासाठी जबाब दिला. ती वर्सं कुनी मोजायची? सव्वीस झाल्यात त्याला. वाजव."

मी पुन्हा दोर धरला. ते चार ठोके तिने मोठ्याने मोजले. तेवीस. चोवीस. पंचवीस. सव्वीस म्हणताना तिचा आवाज फुटला आणि ती रडली, चार वर्षांचं सगळं. मीही रडलो. मावशीच्या आवाजावरून बाहेर बसलेल्या माणसांना तोवर कळलं होतं, कोण गेलं ते. कोणी आत आलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि झगे ठेवायच्या खोलीकडे निघाली. वही तशीच उघडी पडली होती. तिने ती माझ्यापुढे सरकवली. मी दुसऱ्या रकान्यातलं नाव खोडलं आणि तिसऱ्यात लिहू लागलो. सोलवटलेल्या हातात पेन्सिल नीट धरता येत नव्हती, अक्षर वेडंवाकडं पडत होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण तेवढं तिला दिसलं.

"नीट लिही," ती म्हणाली. "तुझ्यामागनं येईल त्याला वाचता आलं पायजे."